ठसा लवकर कसा सापडतो?



साक्षरतेच्या वर्गात तुम्ही सगळ्यांत आधी काय शिकलात? आपले नाव लिहायला. सही आली आणि बोटाची शाई सुटली. आता तुम्हाला कोणी ‘अंगठेबहाद्दर’ म्हणू शकत नाही. फार चांगली गोष्ट झाली. तरीपण आज मी तुम्हाला अंगठ्याचीच हकीकत सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, एवढ्या कष्टाने अंगठा सोडला, आणि तुम्ही आम्हाला पुन्हा तिथंच आणता!”

होय, आणतो. कारण सही आली तरी अंगठा सुटलेला नाही. आधारकार्ड काढताना दहाही बोटे यंत्रावर ठेवावी लागतात. रेशनच्या दुकानात बोट ठेवावे लागते. जमिनीच्या दस्तावर सहीबरोबर अंगठाही लागतो. मोठा शिकलेला साहेब असला तरी त्यालाही हे चुकत नाही. मग त्या ठशाचे पुढे काय होते? लाखो, कोटी ठशांच्या गर्दीतून नेमका एका माणसाचा ठसा कसा सापडतो? हे आपल्याला कळायला नको का?

चला तर, आज तेवढेच समजून घेऊ.

बोटांवरचे तास

आपला हात उजेडात धरा. बोटाचे टोक नीट बघा. नांगरलेल्या शेतात जसे तास दिसतात, तशा बारीक रेघा तिथे दिसतील. एक उंच, एक खोल, पुन्हा एक उंच.

या रेघा आईच्या पोटातच तयार होतात. मूल सहा महिन्यांचे होण्याआधी त्या पक्क्या झालेल्या असतात. मूल वाढते, बोट मोठे होते, पण रेघांची मांडणी बदलत नाही. वरची कातडी खरचटली तरी पुन्हा तीच रेघ उगवते. खोल जखम झाली तर मात्र व्रण राहतो. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतील, पण त्यांचे ठसे वेगळे असतात. तुमच्याच दहा बोटांचे दहा ठसेसुद्धा एकमेकांसारखे नसतात.

ठसे वेगळे असले तरी त्यांच्या घडणीचे मुख्य प्रकार मात्र तीनच आहेत.

पहिला प्रकार कमान. रेघा एका बाजूने येतात, मध्ये उंच होतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. देवळाच्या दारावर कमान असते, तशी.

दुसरा प्रकार वळसा. रेघ एका बाजूने येते, मध्ये वळते आणि आलेल्या बाजूलाच परत जाते. आपल्याकडे पुष्कळ लोक याला शंख म्हणतात.

तिसरा प्रकार चक्र. पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या रेघा गोल फिरतात.

अमेरिकेतल्या नोंदींचा हिशेब असा आहे. १०० बोटे घेतली, तर साधारण ६५ बोटांवर वळसे, २८ बोटांवर चक्रे आणि फक्त ७ बोटांवर कमानी असतात. तुमच्या दहा बोटांवर काय काय आहे, ते घरी गेल्यावर मोजून पाहा. त्यावरून नशीब कळत नाही, बरं का. पण कपाटातला कप्पा मात्र कळतो! तो कसा, ते पुढे सांगतो.

ठसे जमले, पण शोधायचे कसे?

१८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचे एक इंग्रज अधिकारी होते. त्यांनी राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला रस्त्याच्या मालाचा मक्ता दिला. ही सही माझी नव्हेच, असे त्याने पुढे म्हणू नये, म्हणून हर्शेल यांनी कराराच्या कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ साली ते हुगळी येथे होते. तेथे त्यांनी पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याने येऊन पैसे उचलायचे, हा प्रकार थांबला. जमिनीच्या दस्तावर आणि तुरुंगातही ठसे घेतले जाऊ लागले.

इथपर्यंत काम सोपे होते. एक माणूस येतो, आपले नाव सांगतो. त्या नावाचा जुना कागद काढायचा आणि ठसा जुळतो का, ते पाहायचे. एकास एक.

आता दुसरी वेळ घ्या. पोलिसांनी एक चोर पकडला. तो खोटे नाव सांगतो. मी आयुष्यात कधी तुरुंग पाहिला नाही, असे म्हणतो. कचेरीत जुन्या गुन्हेगारांच्या ठशांची एक लाख कार्डे आहेत. यातले त्याचे कार्ड कोणते? नाव तर खोटे. मग शोधायचे कशावरून?

हिशेब करून पाहू. एक कार्ड ताडून पाहायला एक मिनिट लागते असे धरू. एक लाख कार्डांना एक लाख मिनिटे. म्हणजे १,६६६ तासांच्या वर. रोज आठ तास काम केले तर २०८ दिवस. सात महिने झाले! तोपर्यंत चोर बसून राहील का?

म्हणून मंडळी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. ठसा जपून ठेवला, पण वेळेला सापडला नाही, तर तो असून नसल्यासारखा आहे.

यावर उपाय काय? पोस्टातला माणूस काय करतो, ते आठवा. हजारो पत्रांचा ढीग पडला, तर तो प्रत्येक पत्र घेऊन गावोगाव विचारत फिरत नाही. आधी जिल्ह्याप्रमाणे पत्रे वेगळी करतो. मग तालुक्याप्रमाणे. मग गावाप्रमाणे. ढीग लहान लहान होत जातो. याला वर्गवारी म्हणतात. ठशांचीही अशीच वर्गवारी करायची होती. पण ठशावर गावाचे नाव लिहिलेले नसते. मग कशावरून करायची?

कलकत्त्याचे १,०२४ कप्पे

हे कोडे आपल्याच देशात सुटले. त्या वेळी बंगालचे मुख्य पोलिस अधिकारी एडवर्ड हेन्री होते. गुन्हेगार ओळखण्यासाठी तेव्हा त्याचे डोके, हात, पाय मोजून ठेवत. पण एक शिपाई सैल मोजी, दुसरा आवळून मोजी. मापे जुळत नसत. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञांनी १८९२ साली ठशांवर पुस्तक लिहिले होते. कमान, वळसा आणि चक्र हे तीन प्रकार त्यांनी सांगितले होते. हेन्रींनी ठशांचा मार्ग धरला. त्यांच्या हाताखाली दोन हुशार बंगाली अधिकारी होते. एक अझिझुल हक आणि दुसरे हेमचंद्र बोस. हक गणितात तरबेज होते.

त्यांची युक्ती आता नीट ऐका. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल.

दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, ही पहिली जोडी. उजवे मधले बोट आणि त्याच्या शेजारचे अनामिका बोट, ही दुसरी. उजवी करंगळी आणि डावा अंगठा, ही तिसरी. डाव्या अंगठ्याशेजारचे बोट आणि डावे मधले बोट, ही चौथी. डावी अनामिका आणि डावी करंगळी, ही पाचवी.

मग प्रत्येक जोडीला गुण ठरवले. पहिलीला १६, दुसरीला ८, तिसरीला ४, चौथीला २, पाचवीला १. नियम एकच. बोटावर चक्र असेल तर त्या बोटाला त्या जोडीचे गुण द्यायचे. चक्र नसेल तर शून्य.

प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटाचे गुण वर लिहायचे आणि बेरीज करायची. पहिल्या बोटाचे गुण खाली लिहायचे आणि बेरीज करायची. शेवटी दोन्ही बेरजांत एक-एक मिळवायचा, म्हणजे कोठेही शून्य राहत नाही.

उदाहरण घेऊ. एका माणसाच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या करंगळीवर चक्र आहे. बाकी सगळे वळसे. उजवी अनामिका दुसऱ्या जोडीत दुसरी आहे, तिचे ८. डावी करंगळी पाचव्या जोडीत दुसरी, तिचा १. वरची बेरीज ९. त्यात १ मिळवला, झाले १०. उजवा अंगठा पहिल्या जोडीत पहिला, त्याचे १६. त्यात १ मिळवला, झाले १७. म्हणजे या माणसाचा पत्ता झाला, वर १० आणि खाली १७.

वरचा आकडा १ पासून ३२ पर्यंत येऊ शकतो. खालचाही तसाच. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४. म्हणून १,०२४ कप्पे करायचे. १० आणि १७ या पत्त्याची कार्डे तेवढी त्या एका कप्प्यात. चोराने नाव खोटे सांगितले तरी त्याची बोटे आपला पत्ता खरा सांगतात!

सगळ्या कप्प्यांत कार्डे सारखी पडली असती, तर एक लाख कार्डांतून एका कप्प्यात ९८ आली असती. मिनिटाला एक या हिशेबाने दीड-पावणेदोन तासांचे काम. कोठे सात महिने आणि कोठे पावणेदोन तास!

पण कार्डे सारखी पडत नाहीत. पुष्कळ माणसांच्या एकाही बोटावर चक्र नसते. त्या सगळ्यांचा पत्ता वर १, खाली १. तो कप्पा नेहमी भरून वाहतो. म्हणून मग त्या कप्प्याच्या आत आणखी लहान कप्पे केले. वळशाच्या मध्यापासून कडेपर्यंत किती रेघा आहेत, त्या मोजून ही पोटवाटणी केली. या कामी बोस यांनी पुष्कळ मेहनत घेतली.

१८९७ साली सरकारने एक समिती नेमून ही पद्धत तपासली आणि मंजूर केली. त्याच साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. १९०१ साली लंडनच्या पोलिसांनी तीच पद्धत घेतली. तिथून ती देशोदेशी गेली. तिला नाव मिळाले हेन्री पद्धत. हक आणि बोस यांची नावे बरीच वर्षे मागे राहिली. हक यांचा त्यातला मोठा वाटा हेन्रींनी पुढे स्वतः मान्य केला. आता इंग्लंडमधली ठसे-तज्ज्ञांची संस्था हक आणि बोस यांच्या नावाने पारितोषिक देते.

चहाच्या मळ्यातला खून

या पद्धतीची कसोटी लगेच लागली. बंगालमध्ये जलपैगुडी येथे चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटी फोडून पैसे नेलेले होते. पाहणारा कोणी नव्हता. त्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडले. त्याच्यावर तपकिरी रंगाचे पुसट डाग होते. बारकाईने पाहिले, तर त्यात बोटाचा ठसा दिसला.

तो ठसा कलकत्त्याच्या कचेरीत गेला. तो कांगाली चरण नावाच्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. तो पूर्वी त्या व्यवस्थापकाचा नोकर होता. चोरीबद्दल त्याला शिक्षा झालेली होती, म्हणून त्याचे कार्ड कचेरीत होते.

१८९८ साली न्यायालयाने निकाल दिला. चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली. पण खुनाबद्दल झाली नाही. पंचांगाला हात लागला हे ठशाने सिद्ध झाले, पण सुरी त्यानेच चालवली हे कोणी पाहिले नव्हते. ही गोष्ट विसरू नका. ठसा जेवढे सांगतो तेवढेच धरायचे, त्यापुढचे धरायचे नाही.

कार्डांचा डोंगर

वर्षे गेली तशी कार्डे वाढली. अमेरिकेत १९२४ साली मध्यवर्ती ठसे-कचेरी सुरू झाली, तेव्हा ८,१०,१८८ कार्डे होती. १९४६ साली ती दहा कोटींवर गेली. एवढ्या कार्डांपुढे कप्प्यांचा उपाय अपुरा पडू लागला. शेकडो माणसे डोळ्यांना भिंग लावून दिवसभर बसत.

दुसरीही एक अडचण होती. हेन्री पद्धतीला दहाही बोटे लागतात. चोर काही जाताना दहा बोटांची शाई उठवून जात नाही. तिजोरीवर, काचेवर एखाद्याच बोटाचा ठसा राहतो. एका बोटावरून जोड्या कशा करणार आणि बेरीज कशी करणार? असे पुष्कळ ठसे नुसते पडून राहत.

म्हणून १९६० नंतर अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, जपान या देशांत एक विचार सुरू झाला. हे काम संगणकाला शिकवता येईल का?

यंत्र ठसा कसे वाचते?

संगणकाला माणसासारखे डोळे नाहीत. चक्र म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. मग त्याला शिकवले कसे?

पहिली पायरी. ठशाचे चित्र घेतले आणि त्यावर बारीक चौकटी आखल्या, जशा गणिताच्या वहीत असतात.

दुसरी पायरी. प्रत्येक चौकटीत रेघ कोणत्या दिशेने जाते, ते यंत्र मोजते. उभी, आडवी, की तिरपी? सगळ्या चौकटी मिळून दिशांचा नकाशा तयार होतो. उंच टेकडीवरून शेताकडे पाहिले, तर कोणत्या तुकड्यात तास कोणीकडे गेले ते दिसते ना? तसेच हे.

तिसरी पायरी. त्या नकाशात यंत्र तिठे शोधते. तिठा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. ठशावरही अशी जागा असते. तिथे तीन बाजूंनी येणाऱ्या रेघा एकमेकींना भिडतात. साध्या कमानीत असा तिठा नसतो. वळशात एक असतो. चक्रात बहुतेक दोन असतात. तिठे मोजले की प्रकार कळला! वळसा उजवीकडे वळला की डावीकडे, हेही यंत्र बघते.

अमेरिकेतल्या सरकारी मापन-संस्थेने १९९५ च्या सुमारास असे काम करणारा संगणकाचा कार्यक्रम तयार केला. त्यात एक शहाणपणाची सोय होती. यंत्र प्रकार सांगे, आणि त्याबरोबर आपली खात्री किती आहे तेही सांगे. खात्री कमी असली, तर तो ठसा बाजूला काढून माणसाच्या डोळ्यांखाली घालता येई.

याची गरज काय? सांगतो. चक्राचे कार्ड चुकून वळशाच्या कप्प्यात पडले, तर पुढे ते कधीच सापडणार नाही. कारण शोधणारा चक्राच्याच कप्प्यात शोधील. सांगलीचे पत्र चुकून सातारच्या पिशवीत पडावे, तसे होईल. म्हणून संशय असला, तर एकाऐवजी दोन कप्पे पाहायचे. थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल.

चौथी पायरी सगळ्यांत बारीक. वर्गवारीने ढीग लहान झाला. पण त्या ढिगातला नेमका माणूस कोणता? त्यासाठी यंत्र रेघांच्या खुणा बघते. कोठे रेघ एकदम संपते. कोठे रेघेला फाटा फुटतो. या खुणा कोठे आहेत आणि एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, हे ताडून पाहिले जाते. आजची यंत्रे फार वेगवान झाली आहेत. ती तीन प्रकारांवर थांबत नाहीत. या बारीक खुणांवरूनच ती आणखी बारीक वर्गवारी करतात. म्हणून आता एकाच बोटाचा, तोही अर्धामुर्धा ठसा असला, तरी शोध लावता येतो.

अमेरिकेत १९९९ साली सगळ्या देशासाठी असे मोठे यंत्र बसले. पूर्वी ज्या उत्तराला कित्येक आठवडे लागत, ते दोन तासांत द्यायचे असा नेम ठरला.

लवकर सापडल्याने काय होते?

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजलिस शहराभोवती मोठी दहशत पसरली होती. कोणी एक माणूस रात्री घरांत शिरून लोकांना ठार मारत होता. ऑगस्ट महिन्यात पोलिसांना एक चोरीची मोटार सापडली. तिच्यावर एका बोटाचा ठसा मिळाला. त्या राज्यात ठसे शोधणारा नवा संगणक नुकताच बसवला होता. ठसा त्यात घातला आणि काही मिनिटांत नाव मिळाले, रिचर्ड रामिरेझ. हाताने शोधायचे तर एकेका माणसाचा जन्म गेला असता.

त्याचा फोटो वर्तमानपत्रांत छापला गेला. ३१ ऑगस्टला वस्तीतल्या लोकांनीच त्याला ओळखून धरला. १९८९ साली १३ खुनांबद्दल तो दोषी ठरला. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर किती घरांत रडारड झाली असती, याचा विचार करा.

आपल्या देशात १९५५ साली मध्यवर्ती ठसे-कचेरी निघाली. संगणकावर ठसे शोधण्याचे काम १९९० नंतर सुरू झाले. १७ ऑगस्ट २०२२ रोजी सगळ्या राज्यांचे ठसे एकत्र शोधणारी नवी व्यवस्था सुरू झाली. तिला नॅफिस म्हणतात. तिच्यात एक कोटीहून अधिक नोंदी आहेत. नागपूरला चोरी करून कोणी केरळात गेला, तरी त्याची बोटे त्याच्याबरोबरच जातात. ही व्यवस्था नुसती चोरांसाठीच नाही. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशात हिच्या मदतीने एका अनोळखी मृत माणसाची ओळख पटली. बेवारशी देहाला नाव मिळणे, ही त्याच्या घरच्यांसाठी लहान गोष्ट नव्हे.

यंत्र नाव सुचवते, निकाल देत नाही

आता दुसरी बाजू ऐका. ११ मार्च २००४ रोजी स्पेन देशात माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत बाँबस्फोट झाले. १९० हून अधिक माणसे मेली. एका पिशवीवर ठसा सापडला. अमेरिकेच्या पोलिसांनी तो आपल्या यंत्रात घातला. यंत्राने २० जवळपासची नावे दिली. त्यातले चौथे नाव ऑरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचे होते. तज्ज्ञांनी पाहिले आणि म्हणाले, हाच तो! एकाने म्हटले, दुसऱ्याने मान हलवली, तिसऱ्यानेही हलवली. वकिलाला दोन आठवडे अटकेत ठेवले.

स्पेनच्या पोलिसांना पहिल्यापासून शंका होती. त्यांनी तो ठसा अल्जीरिया देशाच्या एका माणसाचा असल्याचे दाखवून दिले. वकील निरपराध होता. त्याला सोडावे लागले. सरकारने त्याची माफी मागितली आणि २००६ साली २० लाख डॉलर भरपाई दिली.

चूक कोणाची झाली? यंत्राने फक्त ‘हे २० जण जवळपासचे आहेत’ एवढेच सांगितले होते. ढीग जेवढा मोठा, तेवढे त्यात सारखे दिसणारे ठसे जास्त. कोट्यवधींत शोधले, तर कोणीतरी थोडासा सारखा निघणारच. यंत्राने नाव सुचवावे. माणसाने शांतपणे तपासावे. पहिला काय म्हणाला ते न पाहता दुसऱ्याने स्वतः पाहावे. घाईने शोधावे, पण घाईने दोषी ठरवू नये.

आता आपल्या कामाची गोष्ट

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज ते १३० कोटींहून अधिक लोकांना मिळाले आहेत. नवा माणूस नाव नोंदवतो, तेव्हा त्याची दहा बोटे आणि दोन डोळे आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहतात. एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत, म्हणून. हे शोधाचे काम आहे. एक विरुद्ध सगळे.

रेशनच्या दुकानात मात्र असा शोध होत नाही. तिथे तुमचा क्रमांक आधीच ठाऊक असतो. यंत्र सरळ तुमच्याच नोंदीकडे जाते आणि विचारते, हे बोट त्याच माणसाचे आहे का? हर्शेलसाहेबांच्या पेन्शनीसारखे. एकास एक.

तिथे अंगठा जुळला नाही, तर घाबरू नका. तो तुमचा अपराध नव्हे. खुरपणी करून, विटा उचलून, चुना-सिमेंटात हात घालून रेघा झिजतात. म्हातारपणीही झिजतात. हात धुऊन, पुसून दुसरे बोट ठेवा. तरीही जमले नाही, तर डोळ्यांवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरून ओळख पटवण्याची सोय असते. अंगठा जुळला नाही एवढ्याच कारणाने हक्काचे धान्य नाकारायचे नाही, असे सरकारचे सांगणे आहे. दुकानदार नाही म्हणाला, तर तहसील कचेरीत अर्ज द्या. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज स्वतः लिहा.

आणखी एक. यंत्रावर बोट ठेवण्याआधी, पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचा. पैसे काढायचे असतील तर आकडा वाचा. पावती घ्या आणि तीही वाचा. ‘जमलं नाही, पुन्हा ठेवा’ असे कोणी म्हणाले, तर आधीचे खरोखर जमले नाही का, ते पाहून मगच पुन्हा बोट ठेवा. कोऱ्या कागदावर तर अंगठाही देऊ नका आणि सहीही करू नका.

पूर्वी ज्याला वाचता येत नव्हते, त्याला अंगठा द्यावा लागे. आज सगळेच अंगठा देतात. मग वाचता येणारा आणि न येणारा यांत फरक काय उरला? फरक हाच, की वाचता येणारा आपण अंगठा कशावर देतो, ते आधी वाचतो. ठसा तुम्ही कोण ते सांगतो. कशाला होकार दिला, ते तुम्हालाच वाचून ठरवायचे आहे.

घरी गेल्यावर दहा बोटांवरची चक्रे मोजा. मुलांनाही बरोबर घ्या. जोड्या करा, गुण द्या, बेरीज करा. प्रत्येकाचा कप्पा कोणता ते काढा. गणिताचा सरावही होईल आणि आजचे सांगितलेले ध्यानातही राहील.

एवढे बोलून मी पुरे करतो.